मोजते का वळखते?

पोळा होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या मागच्या अंगाला, नागपूरच्या महामार्गापासून थोडं आत काकाजींचं वावर आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेलेली, शेंड्याला पात्या-फुलं, खालच्या फांद्यांना हिरवी बोंडं. पऱ्हाटीच्या मधोमध बांबूला प्लॅस्टिकचं नरसाळं बांधलेलं होतं आणि त्याखाली लांब पिशवी लोंबत होती. हा कामगंध सापळा. नरसाळ्यावरच्या टोपणाखाली एक लहानशी गोळी असते आणि तिला गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध दिलेला असतो. रात्री नर पतंग त्या गंधाच्या मागे येतात, नरसाळ्यावरून घसरतात आणि पिशवीत पडतात.

काकाजींनी पिशवी सोडली, धुऱ्यावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर पतंग ओतले. मी वरून फोन धरून फोटो काढला. काही क्षणांत पडद्यावर प्रत्येक पतंगाभोवती एक चौकोन उमटला आणि खाली आकडा आला : ११. काकाजींनी गवताची काडी घेतली, एकेक पतंग बाजूला सारत मोजला. अकराच. ते थोडा वेळ फोनकडे पाहत राहिले.

“बाबू, हे मोजते का वळखते?”

“दोन्ही करते, काकाजी.”

“मंग त्याले कोनं सांगतलं का हा गुलाबीवालाच हाय म्हणून?”

कृत्रिम बुद्धिमत्तेवर गेल्या काही वर्षांत मी बरंच वाचलं, ऐकलं. व्याख्या पुष्कळ मिळाल्या. पण त्या धुऱ्यावर विचारलेल्या प्रश्नाइतकी नेमकी सुरुवात मला कुठेच सापडली नाही. ‘त्याले कोनं सांगतलं?’ याचं उत्तर नीट कळलं की हे यंत्र काय आहे, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे दगा देतं, हे आपोआप उलगडत जातं. म्हणून हे प्रकरण त्याच उत्तराच्या मागे जाणार आहे.

आधी उलट बाजूनं पाहू. समजा, हा पतंग ओळखायचे नियम आपणच लिहायला बसलो. पहिला नियम : अंग लहान, नखाच्या आकाराचं. दुसरा : रंग करडा-तपकिरी. तिसरा : पुढच्या पंखांवर काळपट ठिपके. चांगले नियम आहेत, पुस्तकातही असेच दिलेले असतात. आता सापळ्याच्या पिशवीत पाहा. रात्रभर फडफडून काहींच्या पंखांवरची भुकटी झडलेली, त्यामुळे ठिपके गेलेले. दोन पतंग एकमेकांवर पडलेले. एक पालथा, एक उताणा. मध्येच कुठलं तरी दुसरंच पाखरू घुसलेलं. कागदावर सावली. लिहिलेला प्रत्येक नियम इथे कुठे ना कुठे मोडतो. त्याला अपवाद जोडावा तर अपवादालाही अपवाद निघतो. काकाजींना मात्र अडचण येत नाही. तुम्ही कसं ओळखता असं विचारलं तर त्यांनाही नियम सांगता येत नाहीत. “पाहून पाहून समजते,” एवढंच ते म्हणतात.

यंत्राला हुशार करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास या दोन वाटांचा आहे : नियम लिहून देण्याची आणि ‘पाहून पाहून’ समजण्याची. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली एका लेखात मांडला. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात काही संशोधक जमले. त्या बैठकीच्या प्रस्तावात जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाला जे नाव दिलं, त्याचंच मराठी रूप म्हणजे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’. पुढची कित्येक वर्षं जोर नियमांच्या वाटेवर होता. बुद्धिबळ, गणिताच्या सिद्धता, म्हणजे जिथे नियम आधीच पक्के आहेत, तिथे त्या वाटेनं यशही मिळालं. पण पतंग, चेहरा, आवाज, हस्ताक्षर यांपाशी येऊन ती वाट अडली. दुसरी वाट १९५८ साली फ्रँक रोझेनब्लाट यांनी दाखवली होती. त्यांच्या ‘पर्सेप्ट्रॉन’ला नियम न देता उदाहरणं दाखवून शिकवायचं होतं. कल्पना खरी होती, पण त्या वेळचे संगणक दुबळे होते आणि दाखवायला उदाहरणंही नव्हती. दोन्ही गोष्टी जुळून यायला अर्धं शतक जावं लागलं.

आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, तिचा फार मोठा भाग या दुसऱ्या वाटेवरचा आहे : उदाहरणांवरून शिकणारं गणित.

शिकणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावणं सोपं आहे. इथे कापसाचे ग्रेडर घडताना लोकांनी पाहिले आहेत. नवा पोरगा जिनिंगवर येतो तेव्हा त्याच्या हाती कोणी पुस्तक देत नाही. जुना जाणकार ढिगातून मूठभर कापूस उचलतो, दोन्ही अंगठ्यांत धरून पुन्हा पुन्हा ओढतो, धागे सरळ करतो आणि लांबी सांगतो. पोरगा तसंच करतो. “किती?” “तीस.” “नाही, अठ्ठावीस. पुन्हा पाह्य.” असं दिवसातून शंभरदा होतं. दर चुकीला पोराचा अंदाज थोडा सरकतो. चार हंगामांनी त्याची बोटं मोजपट्टीइतकी खरी बोलायला लागतात, पण बोटांत नेमकं काय बदललं हे त्याला सांगता येत नाही.

यंत्राचंही असंच होतं, फक्त त्याच्या बोटांच्या जागी आकडे असतात. फोनमधला फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे : लाल किती, हिरवा किती, निळा किती, शून्यापासून २५५ पर्यंत. यंत्राला पतंग दिसत नाही, हे लाखो आकडे मिळतात. ते आकडे एका मोठ्या हिशोबातून जातात. त्यात लाखो ठिकाणी कुठल्या आकड्याला किती वजन द्यायचं हे ठरवणाऱ्या जणू गुंड्या असतात. सुरुवातीला त्या गुंड्या कशाही फिरवलेल्या असतात, त्यामुळे यंत्र वाट्टेल ते उत्तर देतं. मग माणसानं आधीच दिलेलं खरं उत्तर समोर ठेवायचं, चूक किती झाली ते मोजायचं आणि ती चूक कमी होईल अशा बाजूला प्रत्येक गुंडी किंचित फिरवायची. पुन्हा दुसरा फोटो. पुन्हा चूक. पुन्हा किंचित. हे लाखो वेळा झालं की गुंड्या अशा जागी येऊन बसतात की न पाहिलेल्या फोटोचंही उत्तर बहुतेक बरोबर येतं. मौज अशी की मधल्या थरांत काय शोधायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. पहिले थर कडा आणि रेघा टिपायला आपोआप शिकतात, नंतरचे थर त्या जोडून पंखाची, पायाची, ठिपक्याची ओळख धरतात. या रचनेला न्यूरल नेटवर्क म्हणतात. नाव मेंदूवरून घेतलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो गुणाकार-बेरजांचा डोंगर असतो.

तर आता काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. त्याला माणसांनीच सांगितलं. कीटक ओळखणाऱ्या लोकांनी हजारो फोटो समोर घेऊन एकेका पतंगाभोवती चौकोन काढला आणि हा गुलाबी बोंडअळीचा, हा अमेरिकन बोंडअळीचा, हा दोन्ही नाही, असं लिहिलं. फोनमध्ये दिसणारी हुशारी ही त्या माणसांच्या नजरेची साठवण आहे. ज्या प्रयोगानं २०१२ साली सगळ्या जगाचं लक्ष वेधलं, त्यातही हेच होतं. फेइ-फेइ ली यांनी उभारलेल्या ‘इमेजनेट’ या चित्रसंग्रहावर दर वर्षी स्पर्धा होई : सुमारे १२ लाख चित्रं दाखवून शिकवायचं आणि हजार प्रकारच्या वस्तू ओळखायला लावायच्या. त्या वर्षी टोरांटो विद्यापीठातल्या जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या न्यूरल नेटवर्कनं चुकांचं प्रमाण २६ टक्क्यांवरून एकदम १५ टक्क्यांवर आणलं. हिंटन यांना पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्या चित्रांखालची नावं देशोदेशीच्या हजारो माणसांनी घरबसल्या, एका चित्रामागे किरकोळ पैसे घेऊन लिहिली होती. त्यांची नावं कुठल्याच पदकावर नाहीत, ती घेतली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

पतंग मोजण्यासाठी एवढा खटाटोप का करायचा, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं.

बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा कापूस, भारतात २००२ साली आला आणि दोन जनुकांचं बोलगार्ड-२ हे तंत्र २००६ मध्ये. काही वर्षं बोंडअळी जणू विसरली गेली. पण सगळीकडे तोच कापूस, त्यातच फरदड, म्हणजे त्याच झाडांवर उन्हाळ्यापर्यंत ओढलेलं पीक, त्यामुळे गुलाबी अळीला वर्षभर घर मिळालं आणि ती त्या विषाला सरावली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या पऱ्हाटीत ती अशी शिरली की वेचणीला गेलेल्या बायांच्या हाती बोंडाऐवजी कवडी, म्हणजे किडका कापूस, लागली. ही अळी हुलकावणी देणारी आहे. मादी पात्या, फुलं, बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजतं. बाहेरून बोंड हिरवंगार, धडधाकट. आत ती सरकी खात बसते. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिला लागत नाही. म्हणजे फवारणीचा उपयोग होतो तो मधल्या थोड्या दिवसांतच, पतंग वाढलेत पण अळ्या अजून बोंडात गेल्या नाहीत तेव्हा. त्यासाठीच सापळे. हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली, असा कृषी विद्यापीठांचा आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ठोकताळा आहे.

आणि उगाच फवारणीही परवडत नाही. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या वर्षीच्या पोळ्यानंतरचे दिवस आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. पाठीवर पंप, उंच वाढलेली पऱ्हाटी, तोंडाच्या पातळीवर उडणारा फवारा. एक फवारणी वाचली तर पैसे वाचतात, शिवाय एखाद्याचा श्वासही वाचतो.

पतंग मोजण्याच्या या कामात यंत्राला आणण्याचा महाराष्ट्रातला ठळक प्रयत्न वाधवानी एआय या संस्थेचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेनं सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढून मोजणी करणारं आणि सल्ला देणारं ‘कॉटनएस’ हे ॲप तयार केलं. २०१९ मध्ये गूगलच्या एका जागतिक उपक्रमात निवडल्या गेलेल्या वीस संस्थांत तिचा समावेश झाला. (माझ्या फोनातलं ॲप या संस्थेचं नव्हे.) मला त्यातली जास्त भावलेली तांत्रिक करामत वेगळीच आहे. वावरात नेटवर्क नसतं, शेतकऱ्याचा फोन स्वस्तातला असतो. म्हणून त्यांनी शिकलेलं सगळं गणित दाबून इतकं लहान केलं की ते साध्या फोनवर, नेट नसतानाही चालेल. धुऱ्यावर उभं राहून विचार केल्याशिवाय हे सुचत नाही.

ओळखण्याचं हेच काम डोंगरात किती मोठं होतं, ते मेळघाटात पाहा. मेळघाट आमच्याच अमरावती जिल्ह्यात. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ ठिकाणांपैकी ते एक. २०१८ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो आले. वारा आला, पान हललं, नीलगाय गेली, गुराखी गेला, कॅमेरा प्रत्येक वेळी टिपतो. वाघाचे फोटो त्यात फक्त ७६,६५१ होते. साडेतीन कोटी फोटो माणसांनी एकेक करून चाळायचे म्हटले तर पुढची गणना येऊन ठेपली असती. यंत्रानं प्राण्यानुसार ढीग वेगळे केले. मग दुसऱ्या संगणक प्रणालीनं पट्टे जुळवले, कारण वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे एकमेवाद्वितीय असतात. आणि शेवटी अभ्यासकांनी ते तपासले. त्यातून २,४६१ वेगवेगळे वाघ फोटोंवरून निश्चित झाले आणि देशाचा एकूण अंदाज २,९६७ वर गेला. इथे यंत्रानं वनरक्षकाची जागा घेतली नाही. मेळघाटात कॅमेरा डोंगरात नेऊन बांधणारे हात कोरकू पोरांचे आणि वनमजुरांचेच होते.

आता परत नांदगाव पेठला येऊ, कारण कापसाचा पुढचा प्रवास इथेच होतो. गावालगतच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे मोठे कारखाने आहेत, आणि पीएम मित्र योजनेतल्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. कापड तयार झालं की ते तपासणीच्या टेबलावरून जातं. खालून दिवा, वरून सरकणारं कापड, समोर उभा तपासनीस. त्याची नजर तुटलेला उभा धागा, चुकलेला आडवा धागा, तेलाचा डाग, गाठ, भोक शोधत असते. चार गुणांची पद्धत जगभर चालते : तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, नऊ इंचांवरच्या दोषाला चार. गुण जास्त झाले की तागा खालच्या दर्जाचा. तासन्‌तास एकाच रंगाच्या कापडाकडे पाहताना डोळे शिणतात आणि दुपारच्या पाळीत निसटलेले दोष सकाळच्यापेक्षा जास्त असतात, हे कुठलाही सुपरवायझर सांगेल. कॅमेरा थकत नाही. म्हणून कॅमेऱ्यानं कापड तपासणारी यंत्रं आता बाजारात आहेत.

पण चूक दोन प्रकारची असते, आणि यंत्र घेणाऱ्यानं हे आधी विचारायला हवं. दोष असून न सांगणं ही एक चूक, दोष नसून ओरडणं ही दुसरी. यंत्राला कडक केलं तर ते विणीतल्या मुद्दाम घातलेल्या गाठीलाही दोष म्हणतं. सैल केलं तर तेलाचा डाग सोडून देतं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी गुंडी नसते. कोणती चूक जास्त महाग पडते हे माणसानं ठरवायचं. कापडात ते पैशाचं गणित आहे, पऱ्हाटीत हंगामाचं, दवाखान्यात एक्स-रे पाहताना जिवाचं. तपासनीसाच्या नोकरीचाही प्रश्न खरा आहे. टेबलासमोरच्या चार माणसांचं काम दोघांवर येईल, हे मालक आज ना उद्या पाहीलच. इथल्या पोरांना यंत्र चालवायला, शिकवायला, त्याच्या चुका पकडायला शिकवणं हे त्याच दिवशी सुरू व्हायला हवं ज्या दिवशी यंत्राची ऑर्डर निघते. नंतर नव्हे.

पतंग, वाघ, कापड, हे झालं पाहणं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि लोकांना बोलणारं यंत्र भेटलं. आतलं तत्त्व मात्र तेच. फोटोऐवजी मजकूर, आणि ‘हा कोणता पतंग’ याऐवजी ‘पुढचा शब्द कोणता’ हा प्रश्न. ‘आभाळ भरून आलं, आता...’ इथवर वाचलं की तुमच्या मनात ‘पाऊस’ येतो. यंत्राला अब्जावधी वाक्यं अशी अर्धी दाखवून पुढचा शब्द ओळखायला लावतात, चुकलं की गुंड्या फिरवतात. एवढ्या साध्या सरावातून ते पत्र लिहितं, भाषांतर करतं, हिशोब समजावतं, संगणकाचा प्रोग्रॅम लिहितं. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची जी रचना आली, तिच्यामुळे वाक्यातला लांबचा शब्दही लक्षात ठेवणं त्याला जमायला लागलं.

पण पुढचा शब्द शोभणारा असला म्हणजे तो खरा असतोच असं नाही. म्हणूनच हे यंत्र कधी कधी न लिहिलेल्या पुस्तकाचं नाव, न झालेल्या घटनेची तारीख पूर्ण आत्मविश्वासानं सांगतं. आपल्याला माहीत नाही, ही जाणीव त्याच्या घडणीत मुळातून नाही, ती वरून शिकवावी लागते आणि अजून अर्धीच शिकवून झाली आहे. ओव्या रचायला त्याला खुशाल सांगा. फवारणीच्या औषधाची मात्रा, दोन औषधं मिसळायची की नाही, हे त्याच्या भरवशावर ठरवू नका. त्यासाठी डब्यावरचं लेबल आणि कृषी अधिकारी आहेत.

आणि भाषा कोणती? मी एकदा फोनला बोलून विचारलं, “पऱ्हाटीले पानी देऊ का आता?” फोननं लिहून घेतलं : ‘पराठ्याला पाणी देऊ का आता’, आणि खाली कणीक मळायची रीत आली. काकाजी शेजारीच होते. त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला आणि त्या दिवशी पुन्हा मागितला नाही. मला ते लागलं. पऱ्हाटी हा शब्द ज्यांच्या तोंडी दिवसातून पन्नासदा येतो, त्यांचे आवाज त्या यंत्राच्या शिकवणीत नव्हते. ज्यांनी शिकवलं त्यांनी वऱ्हाड ऐकलंच नव्हतं. दाखवलं नाही ते त्याला दिसत नाही, ऐकवलं नाही ते कळत नाही. राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ ते २०२९ चं धोरण मंजूर केलं, त्यासाठी सुरुवातीला ५०० कोटी ठेवले. ‘महाविस्तार’ हे शेतकऱ्याशी मराठीत बोलणारं ॲपही आलं. त्या पैशातला एक वाटा वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, कोरकू बोलणाऱ्यांचे आवाज गोळा करण्यावर खर्च व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ म्हणून सोय आहे, तिथे कोणीही आपला आवाज, आपली वाक्यं देऊ शकतो.

हे काम आपल्याला नवं नाही. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना शोधत ते गेले, प्रत्येकाला विचारलं, त्यांनी सांगितलं तसं टिपलं आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. बोलीतला शब्द बोलीतच ठेवायचा, कोणी सांगितला ते नोंदवायचं, आणि जाणत्याकडून तपासून घ्यायचा : यंत्राला बोली शिकवायची तर आजही नेमकं हेच करायला हवं. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. वऱ्हाडी आवाजांचा संग्रह उभारायला यापेक्षा योग्य जागा मला तरी सुचत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते, विजेची. ही सगळी गणितं ‘क्लाउड’वर होतात म्हणतात, त्यामुळे ती आभाळात कुठे तरी होत असावीत असं वाटतं. ती इमारतींमध्ये होतात, आणि त्या इमारतींना, म्हणजे डेटा सेंटरांना, वीज आणि पाणी लागतं. २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का डेटा सेंटरांत गेली, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचं म्हणणं आहे. वीज कशी होते हे नांदगाव पेठला सांगावं लागत नाही. इथल्या औष्णिक केंद्रात २७० मेगावॅटचे पाच संच आहेत, त्याची धुराडी महामार्गावरून दिसतात. त्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा, ओलिताचं पाणी जातं म्हणून इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. फोनवरच्या एका प्रश्नाला लागणारी वीज थोडीच असते, पण असे प्रश्न रोज कोट्यवधी विचारले जातात.

तर त्या सापळ्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

पहिल्या रात्री अकरा पतंग होते. दुसऱ्या रात्री नऊ, फोनचे नऊ आणि काकाजींचेही नऊ. तिसऱ्या रात्री पाऊस आला. सकाळी पिशवी सोडली तर आत पाणी, पतंग एकमेकांना चिकटलेले, पंख पातळ कागदासारखे लोळागोळा. कागदावर ओतले, फोटो काढला. फोन म्हणाला : ६. आठच्या खाली. म्हणजे फवारणी नको.

काकाजी खाली बसले. काडीच्या टोकानं त्यांनी तो लगदा सोडवायला घेतला. एका पतंगाखालून दुसरा निघाला, त्याच्या पंखाला तिसरा. “सात... आठ... हा पाह्य, नववा.” मी फोन पुन्हा धरला, आता सुटे झालेल्या पतंगांवर. तरी आकडा सातच्या पुढे जाईना. पंखावरचे ठिपके पावसानं धुऊन गेले होते.

ते उठले आणि पऱ्हाटीत शिरले. मी मागोमाग. या तासातून दोन, त्या तासातून एक, अशी वावरभर फिरून त्यांनी वीस हिरवी बोंडं तोडली आणि धुऱ्यावर आणून एकेक दातांनी-नखांनी फोडलं. दहा टक्क्यांची हद्द त्यांना पाठ आहे : विसात दोन. चौथ्या बोंडात अळी निघाली, गुलाबी व्हायला लागलेली. अकराव्यात एक. सतराव्यात एक. बाकीची शुभ्र, ओली, निरोगी.

“तीन,” ते म्हणाले. खिशातून रुमाल काढून हात पुसले. “फवारनीवाल्याले सांग उद्या सकाळी ये म्हणा. अन् तोंडाले बांधाचं आन म्हणा, हातमोजेबी.”

मी फोन खिशात ठेवायला लागलो तर त्यांनी थांबवलं. कागद पुन्हा सपाट केला, नऊ ओले पतंग ओळीनं मांडले, फोडलेली तीन बोंडं त्यांच्या बाजूला ठेवली.

“याचा फोटो काढ. अन् खाली लिही, हे नऊ हायेत म्हणून. वले हायेत म्हणून.”

मी लिहिलं.